शालनताईंच्या रक्तातलं लिथियम

“नळीचं झाकण कुठल्या रंगाचं होतं?” मी लॅबला फोन लावून विचारलं.

“कुठली नळी, मॅडम?”

“शालनताईंचं रक्त घेतलं ती.”

पलीकडे टेक्निशियनबाई फणकारल्या. “लाल. हिरव्या नळीत लिथियम घेत नाहीत, एवढं कळतं हो आम्हाला.”

त्यांना कळतं हे मलाही माहीत होतं, तरी विचारावं लागतं. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध लावलेलं असतं, त्यात बऱ्याचदा लिथियमच असतं. त्या नळीत रक्त घेतलं, तर जन्मात लिथियमची गोळी न बघितलेल्या माणसाचा रिपोर्टसुद्धा भलताच वाढून येतो. म्हणून आकडा भलता दिसला की मी आधी झाकणाचा रंग विचारते. त्या दिवशी रंग चुकला असता तर बरं झालं असतं. झाकण लाल होतं, म्हणजे आकडा खरा होता.

मी बारामतीतल्या एका हॉस्पिटलात औषधशास्त्राची डॉक्टर आहे. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून राऊंड घेणारी नव्हे. गोळी पोटात गेल्यावर तिचं पुढं काय होतं, किती शोषली जाते, कुठं साठते, कुठून बाहेर पडते, हे बघायचं माझं काम. माझ्या माहेरच्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी मेडिकलचं दुकान चालवते. मी समजावायचं कधीच सोडून दिलंय.

त्या वर्षी मी खनिजांपासून बनलेल्या औषधांच्या मागे लागले होते. त्यातलं माझं आवडतं लिथियम. हे दगडातून, खाऱ्या पाण्यातून काढतात. मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच. हे सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, “म्हणजे पेशंटला बॅटरी खायला घालता?” काय बोलणार! पण ज्यांचं मन महिनोन् महिने उधळतं आणि मग तितकंच खोल जाऊन बसतं, अशा आजारात या साध्या क्षारानं कितीतरी संसार सावरलेत.

फक्त औषध नाजूक. रक्तात थोडं कमी पडलं तर आजार परत येतो. थोडं जास्त झालं तर हात कापतात, तोल जातो, पोट बिघडतं, आणि तसंच वाढत राहिलं तर किडनीवर, मेंदूवर येतं. बहुतेक औषधं आपलं लिव्हर मोडून टाकतं. लिथियम खनिजच, ते काय मोडणार? जसं आत जातं तसंच किडनीतून बाहेर पडतं. किती ठेवायचं आणि किती सोडायचं, हे सगळं किडनीच्या मर्जीवर. म्हणून दर थोड्या दिवसांनी रक्त काढून पातळी बघायची. पुस्तकातले त्याचे हिशेब थंड देशातल्या माणसांवरून आलेले. आपल्याकडं उसाच्या फडात घामाघूम होणाऱ्या माणसाच्या अंगात त्याचं काय होतं, ते बघावं म्हणून मी आणि आमचे मानसोपचाराचे डॉ. खटावकर सर मिळून अभ्यास करत होतो. शालनताई त्या अभ्यासातल्या. (इथली नावं मी बदलली आहेत.)

शालनताई शेळगावच्या. नवरा माणिकराव, सासूबाई आणि त्या, असं घर. एकुलती एक लेक प्रियांका जळोचीला दिली आहे. गावातलं दूध संकलन केंद्र शालनताईच सांभाळतात. पहाटे उठून किटल्या उतरवून घेणं, दुधातली फॅट मोजायला यंत्रावर लावणं, मापात पाप करणाऱ्याला चार लोकांत सुनावणं, सगळं त्यांच्याकडं. आज त्यांना बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी या बाईनं आठवडाभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. घरातलं धान्य रस्त्यावर उभं राहून वाटून टाकलं होतं. मग लिथियम सुरू झालं आणि बाई माणसात आल्या. मध्ये एकदा, बरं वाटतंय म्हणून घरच्यांनी परस्पर गोळी बंद केली. काही महिन्यांतच त्या भर उन्हात अनवाणी कॅनॉलच्या कडंनं चालत निघाल्या. त्यांना हाताला धरून घरी आणलं ते प्रियांकानं. तेव्हा ती सातवीत होती.

त्यानंतर गोळी चुकली नाही आणि पातळीही वर्षानुवर्षं कशी एका रेषेत. मी विद्यार्थ्यांना त्यांचा आलेख दाखवायचे. आणि आता हे!

पहिल्यांदा वाढली तेव्हा आम्ही फार मनावर घेतलं नाही. सरांनी विचारायचे ते प्रश्न विचारले. रक्त द्यायच्या आधी सकाळची गोळी घेतली का? नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या घेता का? त्यानंही लिथियम चढतं. नाही. उलट्या, जुलाब? थोडे जुलाब होते. चला, त्यानंच असेल. दोन दिवस ॲडमिट करून सलाईन लावलं, गोळी थांबवली. पातळी झरझर खाली आली. किडनीचे रिपोर्ट चांगले होते. गोळी थोडी कमी करून घरी पाठवलं.

आणि आठवड्यात परत तोच आकडा. कमी गोळीवर! झाकण लाल.

“मॅडम, याचा एकच अर्थ निघतो,” सर मला केबिनमध्ये म्हणाले. “इथं आपल्या नजरेखाली असताना उतरते आणि घरी गेली की चढते. त्या घरी जास्त गोळ्या घेतायत.”

“पण का घेतील?”

“मनात काय आहे कुणास ठाऊक. मला तीच भीती आहे.”

सरांचं चुकीचं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही आधी तेच धरलं असतं. मानसोपचाराच्या डॉक्टरला वाढलेली पातळी दिसली की त्याला आधी ओंजळभर गोळ्या दिसतात.

ओपीडीत शालनताई समोर बसल्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, थरथर दिसू नये म्हणून. माणिकराव शेजारी, टोपी हातात.

सर शांतपणे म्हणाले, “ताई, मी रागावणार नाही. खरं सांगा. गोळ्या जास्तीच्या घेतल्या का?”

“न्हाय ओ, सर.”

“लेकीचं बाळंतपण जवळ आलंय. काळजीनं झोप लागत नाही, म्हणून घेतली असेल एखादी...”

“न्हाय. घेतली असती तर सांगितलं असतं.”

माणिकराव खाली बघून म्हणाले, “सर, परवा तुमी फोनवर सांगितल्यापास्नं चावी माझ्याकडंच हाय. गोळ्या कपाटात. सकाळ-सांज मीच हातावर ठिवतो.”

हे ऐकलं आणि शालनताईंचा चेहरा असा काही झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

“आख्ख्या गावाचं दूध लोक माझ्या भरवशावर सोडत्यात,” त्या म्हणाल्या, “आन मला माझ्या दोन गोळ्या मोजता येईनात व्हय? इस्वास न्हाय तर तसं सांगा. पण चोर ठरवू नका.”

मग सरांनी त्यांना जे सांगायचं होतं ते सांगितलं. आत्ता चार दिवस गोळी बंद. पुढच्या वेळी पुन्हा वाढलेली दिसली तर लिथियम कायमचं थांबवायचं आणि दुसरं औषध सुरू करायचं.

“सर, आता नका बदलू,” शालनताई पुढं सरकून म्हणाल्या. “पोरीचं दिस भरत आल्यात. माझं डोस्कं फिरलं तर तिच्याजवळ कोण हाय?”

इथं खरी अडचण होती, आणि ती बाईला आमच्यापेक्षा जास्त कळत होती. गोळी चालू ठेवली तर विषबाधा. बंद केली तर दुसरं औषध लागू पडेपर्यंत मधला काळ रामभरोसे, आणि तो काळ नेमका लेकीच्या बाळंतपणाचा.

त्या गेल्यावर मी सरांना म्हटलं, “मी शेळगावला जाऊन येते.”

“जाऊन काय करणार? गोळ्या मोजणार?”

“काय करणार ते तिथं गेल्यावर कळेल.”

“अभ्यासातून नाव काढून टाका सरळ. त्यांच्या आकड्यांवर आता भरवसा ठेवता येणार नाही.”

मला राग आला. आकड्यावर भरवसा होताच. माणसावर नव्हता. पण सरांशी ओपीडीच्या वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्यांच्या दारात पन्नास माणसं ताटकळत असतात.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. दुपारच्या आत शेळगावात पोचले. घर रस्त्यालगतच, पुढं दुधाचं केंद्र, मागं गोठा. ओसरीवर सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, पण आवाज असा की गोठ्यातल्या गाईनं मागं वळून बघावं.

“या डॉक्टरीणबाई. आमच्या सुनंवर पाळत ठिवाय आलाव का?”

“नाही आजी. मला कोडं पडलंय, ते सोडवायला आले.”

“मग जेवल्याबिगर सुटायचं न्हाय ते,” आजी म्हणाल्या आणि आत सुनेला भाकरी थापायला सांगितलं.

मी माझं काम सुरू केलं. गोळ्यांच्या स्ट्रिप बघितल्या, एकही गोळी जास्त गेलेली नव्हती. घरात इतर औषधं कोणती? आजींच्या बीपीच्या गोळ्या. त्यात एक लघवी वाढवणारी, जिला सगळे पाण्याची गोळी म्हणतात, आणि ती चुकून शालनताईंच्या पोटात गेली तर लिथियम चढू शकतं. मला वाटलं, सापडलं! पण आजींची डबी कमरेच्या पिशवीत, आणि त्या पिशवीला हात लावायची माणिकरावांचीसुद्धा छाती नव्हती. काढा, चूर्ण, कुणी दिलेली पुडी? काही नाही. पाणी कमी पितात का? उलट तांब्या सतत जवळ. जुलाब थांबलेले. उपास धरले का? एकादशीशिवाय नाही.

पाटी कोरी. मी आपली आकाशाकडं बघत बसले.

जेवायला बसलो. मी, माणिकराव, शालनताई. वाढायला आजी. माझ्या ताटात त्यांनी आधी डाव्या बाजूला वर चिमूटभर मीठ वाढलं. ताटात पहिलं मीठ वाढायचं, ही आपल्याकडची रीत. मग शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, भाकरी. माणिकरावांच्या ताटातही तसंच. शालनताईंच्या ताटाशी आल्या, मिठाची वाटी बाजूला ठेवली, आणि उसळ दुसऱ्या छोट्या पातेल्यातली वाढली.

मला वाटलं, पोटामुळं बिनतिखटाची असेल. तरी तोंडातून निघालंच, “आजी, त्यांना मीठ राहिलं.”

“राह्यलं न्हाय. ती आळणी खाती.”

“आळणी? कधीपासून?”

“पोरीचं डोहाळजेवण झालं त्या दिसापास्नं. नेम हाय तिचा.”

माझा हातातला घास ताटात परत गेला. “अहो ताई! मीठ अजिबात खात नाही तुम्ही?”

शालनताई थोड्या बावरल्या. “वरकुट्याची देवी माझ्या म्हायेरची. तिला बोलले, माझ्या पोरीची सुटका नीट होऊ दे, तवर मीठ तोंडात घालायची न्हाय.”

“मग आम्हाला सांगितलं का नाहीत?”

“कुणी इचारलं?” त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं. “तुमी समद्यांनी इचारलं, काय घेता, काय घेता. मी काय घेतच नव्हते. आन मीठ कमी खावा म्हणून तर तुमच्याच दवाखान्यात पाटी लावलीया. मला वाटलं, देवीचं बी होतंय आन तुमचं बी.”

खरं होतं. पाटी आहे. ओपीडीच्या बाहेर, अगदी डोळ्यांसमोर. बीपीवाल्यांसाठी लावलेली, पण वाचणाऱ्याला काय माहीत!

लिथियम सुरू करताना प्रत्येकाला सांगतात, पाणी भरपूर प्या आणि मीठ नेहमीसारखं ठेवा. शालनताईंना सांगितलं तेव्हा त्या ऐकायच्या अवस्थेत नव्हत्या. मी माणिकरावांकडं बघितलं.

“पाण्याचं ध्यानात राह्यलं, मॅडम,” ते ओशाळून म्हणाले.

मग मी भाकरी बाजूला सारून त्यांना सगळं समजावलं. किडनी रक्तातलं मीठ बाहेर सोडते आणि लागेल तेवढं परत आत ओढून घेते. मिठातलं सोडियम आणि आपलं लिथियम हे अगदी सख्खे भाऊ, चेहरेपट्टी एक. किडनीला फारसा फरक कळत नाही. अंगात मीठ भरपूर आहे तोवर ती दोघांनाही मोकळ्या हातानं बाहेर जाऊ देते. मीठ मिळेनासं झालं की ती घाबरते, दिसेल ते गपकन मागं ओढते, आणि त्यात लिथियमही ओढलं जातं. गोळी तेवढीच, कमी केली तरी बाहेर पडतच नाही. साचत जाते.

बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला. “आणि म्हणूनच दवाखान्यात उतरली! आम्ही सलाईन लावलं ना. सलाईन म्हणजे काय, मिठाचं पाणीच की!”

हे मी नको तिथं बोलले. शालनताईंचा चेहरा पांढरा पडला. “म्हंजे माझा नेम मोडला?”

“गप गं,” आजी म्हणाल्या. “तोंडानं खाल्लंस का? शिरंतनं गेलं. ते देवीच्या हिशेबात न्हाय.”

माणिकरावांना मात्र पटकन मार्ग सुचला. “मग मॅडम, बाळंतपण होऊस्तवर गोळी अजून कमी करा. तिचा नेम बी राहील.”

वरवर बघता बरोबर. पण तसं करता येत नव्हतं, आणि का नाही ते त्यांना सांगणं माझ्या जिवावर आलं. आज मिठाविना शरीर लिथियम धरून बसलंय, म्हणून कमी गोळीत भागेल. उद्या लेक सुटली की नेम सुटणार. त्या मीठ खाणार, साठलेलं लिथियम भराभर धुऊन जाणार, आणि वरून गोळी कमीच. म्हणजे घरात बाळ, रात्रीची जागरणं, आनंदाची गडबड, आणि नेमकं त्याच आठवड्यात औषध नाहीसं. आजाराला यापेक्षा चांगलं आवतण दुसरं नाही.

“म्हणजे मीठ खावंच लागंल,” माणिकराव म्हणाले.

“आजपासून. नेहमीसारखं. कमी नाही, जास्तही नाही.”

“मला न्हाय जमायचं,” शालनताई म्हणाल्या.

आजींनी थोडा विचार केला. “मग मिठाच्या जागी चहा सोड. चहाबिगर तुझं पान हलत न्हाय. देवीला बी पटंल.”

“चहा नको!” मी जवळजवळ ओरडलेच. “चहानं लघवीवाटे लिथियम बाहेर जायला मदत होते. एकदम सोडला तर परत चढेल.”

आजी कपाळाला हात लावून माझ्याकडं बघत राहिल्या. “अगं बाई, मीठ लागतंय, चहा लागतोय, पाणी लागतंय. जावयाचं एवढं लाड न्हाईत केलं आमी!”

माणिकराव हसले, मी हसले. शालनताई हसल्या नाहीत. त्या ताटाकडं बघत म्हणाल्या, “मॅडम, तुमचं समदं खरं असंल. पण मी शबूद दिलाय. उद्या पोरीला काय कमीजास्त झालं, तर जन्मभर मला वाटत राहील, मीठ खाल्लं म्हणून झालं.”

किडनीवर मी तासभर बोलू शकते. आईच्या धास्तीवर काय बोलणार?

माणिकरावांनी न बोलता फोन काढला, जळोचीला लावला आणि स्पीकरवर टाकला. चार वाक्यांत लेकीला सगळं सांगितलं.

“आई,” मग प्रियांका म्हणाली, “माझ्यासाठी सोडलंस?”

“तुझी सुटका होऊ दे नीट. दुसरं काय मागितलं मी?”

“कॅनॉलवरनं तुला आणलं तवा मी सातवीत होते. तुझा हात धरला तर तू मला ओळखत नव्हतीस. कोणाची गं तू, असं विचारलंस मला. परत नको गं आई. मला तेवढं एक सोसायचं न्हाय.”

शालनताईंनी पदर तोंडावर घेतला. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

आजी उठल्या. मिठाची वाटी घेतली, चिमूटभर मीठ सुनेच्या ताटात डाव्या बाजूला वाढलं, आणि वाटी उचलून पार फळीवर ठेवून आल्या.

“आजपास्नं तुझा नेम माझा. तुझ्याबदली मी आळणी खाईन. देवीला सांगते, सुनंचं सासूनं अंगावर घेतलंय, काय इचारायचं असंल तर मला इचार.”

“आत्या, तुमी ह्या वयात...”

“ह्या वयात काय? तुझ्याआधी चार पावसाळं जास्त बघितल्यात मी. तिला माझं ऐकावं लागंल. आन तू बी ऐक. खा.”

शालनताईंनी मिठाला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. मग उसळीत कालवून जेवायला लागल्या. रडत रडत, पण जेवल्या.

मी घरातली पाहुणी होते तरी माझ्यातली डॉक्टरीण गप्प बसेना. “आजी, तुमची ती बीपीची डबी परत दाखवा.” पंचाहत्तरीची बाई, मीठ बंद, आणि वर पाण्याची गोळी! सुनेचं लिथियम उतरवायला गेले आणि सासूचं सोडियम घसरलं, असं व्हायला नको होतं. आजींच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी ती गोळी बदलून दिली आणि दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “मॅडम, या आजींना मीठ कमी करा म्हणून सांगून सांगून माझा घसा बसलाय. लोणच्याची फोड काही सुटली नाही. काय जादू केलीत?” मी म्हटलं, मी काहीच केलं नाही.

पुढचं सरळ आहे. गोळी ठरल्याप्रमाणे चार दिवस बंद, मीठ आणि पाणी नेहमीसारखं, मग थोड्या डोसानं सुरुवात. दर आठवड्याला रक्त. पातळी हळूहळू उतरली, मग स्थिरावली, आणि शेवटी पूर्वीच्या डोसावर पूर्वीच्याच रेषेत येऊन बसली. हातांची थरथर गेली. फॅट लावताना दूध सांडेनासं झालं.

सरांनी शालनताईंना ओपीडीत बसवून सगळ्यांसमोर सांगितलं, “ताई, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं.”

“तुमचं काय चुकलं, सर. कागद तसं बोलत व्हता,” त्या म्हणाल्या. पण माणिकरावांना त्यांनी इतक्या सहज सोडलं नाही. कपाटाची चावी त्यांच्याकडून तिथंच, आमच्यादेखत मागून घेतली.

प्रियांकाची सुटका बारामतीत झाली. मुलगी. शालनताई सगळा वेळ तिच्याजवळ होत्या. नंतर लेक बाळ घेऊन शेळगावला आली. रात्रीची झोप मोडणं शालनताईंना परवडणारं नव्हतं, म्हणून सरांनी आधीच ठरवून दिलं होतं की रात्री बाळाकडं माणिकराव बघणार. इतकी वर्षं पहाटे गाईंसाठी उठणाऱ्या माणसाला त्याचं काय! एकदा मी फोन केला तेव्हा प्रियांका म्हणाली, “आई झोपलीय, मॅडम.” हे ती इतक्या कौतुकानं म्हणाली, जशी काही आईला बक्षीस मिळालंय.

शालनताईंचं नाव अभ्यासातून काढलं नाही. फक्त आमच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर पडली. ‘काय घेता’ हे विचारून झालं की आता ‘काय सोडलंय का’ हेही विचारतो. माणसं चहा सोडतात, भात सोडतात, नवसाची कायकाय सोडतात, आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. एका गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, “गोळीच सोडलीय, मॅडम. दोन महिने झाले.” दोन महिने आम्ही त्यांच्या डोसावर डोकं खाजवत होतो.

आजींचा नेम नात बाळंत झाली त्या दिवशी संपला. त्यांचं बीपी तेव्हा इतकं उत्तम होतं की त्यांचे डॉक्टर हरखून गेले. बारशाला गेले तेव्हा आजी पंगतीत बसून लोणचं चाटत होत्या. मी म्हटलं, “आजी, एवढं जमलं होतं. आता थोडं तरी मीठ कमीच ठेवा ना, तुमच्या डॉक्टरांसाठी.”

“सुनंसाठी सोडलं व्हतं,” आजी म्हणाल्या. “डॉक्टरसाठी कशाला सोडू?”